मग आणि मंग

हे मला लिहायला बसवत तेव्हा शुद्ध बोलत. एरवी घरात, बाजारात, बँडच्या माणसांशी त्यांची भाषा आपली वऱ्हाडीच. पण माझ्या हातात पेन आलं की ह्यांची पाठ ताठ व्हायची, "मले"चं "मला" व्हायचं आणि "काऊन"चं "का". गॅसच्या जोडणीचा साधा अर्ज सांगतानासुद्धा ते खुर्चीच्या कडेवर बसून एकेक शब्द निवडून सांगत. मी हसले तर म्हणत, "हसू नको. लिहिलेलं राह्यते. बोललेलं उडून जाते. जे राह्यते ते नीट पाहिजे."

ह्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. मी खामगावातल्या एका वाचनालयात तीस वर्षं काम केलं, दुसऱ्यांची पुस्तकं लावली, पण स्वतः काही लिहायची सवय नाही. दिवसाला एक पान होतं, कधी अर्धंच. लोकांना वाटतं मी बसून रडत असेन. खरं सांगायचं तर लिहायला बसलं की बऱ्याचदा हसूच येतं, आणि त्याची मला आता लाज वाटेनाशी झाली आहे.

हे सतरा-अठराव्या वर्षी लष्कराच्या बँडमध्ये भरती झाले. तिथे पंधरा वर्षं क्लॅरिनेट वाजवलं, पाश्चात्य पद्धतीची स्वरलिपी वाचायला शिकले आणि एक गोष्ट पाहिली, जी नंतर आयुष्यभर डोक्यातून गेली नाही. एक माणूस हातात छडी घेऊन उभा आहे, समोर चाळीस जण बसून वाजवत आहेत आणि त्याच्या पाठीमागे माणसं गप्प बसून ऐकत आहेत. "कोणी नाचत नव्हतं," ते लग्नानंतर मला सांगत होते. "कोणी जेवत नव्हतं. घोडा नव्हता, फटाके नव्हते. नुसते बसून ऐकत होते, अवं."

परत आल्यावर त्यांनी खामगावातला बँड हाती घेतला. वीसेक माणसं, लाल कोट, पितळी बटणं. वरात, गणपती, मिरवणुका. ह्यांच्या बँडला मान होता. पिंपळगाव राजाला, माझ्या माहेरी, लग्न ठरलं की आधी ह्यांची तारीख विचारून मग मुहूर्त पाहायचे. पण वाजवायचं ते सिनेमातलंच. स्वतःच्या चाली हे मधल्या फटींत घुसवत. वरात वळणावर थांबली, नवरदेवाचा फेटा सुटला, कुणाची तरी वाट पाहायची आहे, अशा दोन-तीन मिनिटांत हे बँडला खूण करत आणि आपली एखादी चाल वाजवून घेत. कुणी विचारलंच, "मास्तर, हे कोणत्या सिनेमातलं हो?" तर हे गंभीरपणे सांगत, "अजून आला नाई. येणार हाय."

अशा चाली किती झाल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग गावोगाव डीजे आले. भिंतीएवढे कर्णे लावलेली एक गाडी आली की बँडची गरज उरत नसे. ह्यांचं काम निम्म्यावर आलं. मला काळजी वाटली. ह्यांना मात्र, निदान वरवर तरी, सुट्टी लागल्यासारखं झालं. त्यांनी दुपारी पेटी घेऊन बसायला सुरुवात केली. एके दिवशी म्हणाले, "अकरा मिनिटांचं एकच. आपलं. बसून वाजवाचं आणि लोकांनी बसून ऐकाचं."

त्यामागे एक सल होता. गावातले एक निवृत्त संगीतशिक्षक, मोठे जाणकार, एकदा चार लोकांत म्हणाले होते की बँडला सूर असतो, राग नसतो. ते चिडून बोलले नव्हते, हसत बोलले होते. म्हणून ह्यांना जास्त लागलं. ह्यांनी ठरवलं, रचना भूपातच करायची. भूप म्हणजे पाचच स्वर, सा रे ग प ध; म आणि नी, म्हणजे मध्यम आणि निषाद, अजिबात नाहीत. चुकून एक मध्यम लागला तरी पहिल्या ओळीत बसलेल्या माणसाला कळणार. म्हणजे ह्यांनी आपली परीक्षा आपणच अवघड करून घेतली. एका शाळेचं सभागृह श्रावणातल्या एका रविवारी दुपारपुरतं मिळालं. चातुर्मासात लग्नं नसतात, बँडची माणसं मोकळी. ह्यांचं वय बासष्ट. पुन्हा असं जमेल याची खात्री त्यांनाही नव्हती आणि मलाही.

पहिली अडचण बसण्याचीच आली. कापसातली सरकी काढायची जिनिंग पावसाळ्यात बंद असते, म्हणून एका ओळखीच्या जिनिंगची रिकामी शेड तालमीला मिळाली. छताच्या कैच्यांना अजून कापसाचे पुंजके लटकलेले. खुर्च्या मांडून सगळ्यांना बसवलं आणि वाजवायला सांगितलं, तर लय कोसळली. जन्मभर चालत वाजवलेली माणसं ती. पाय थांबले की त्यांचे हात अडखळत.

ढोलवाला, जो एरवी बाजारात भाजी विकतो, म्हणाला, "मास्तर, हे बसून वाजवणं म्हणजे मयताले बसल्यासारखं वाटते."

"मंग मयतात तू ढोल वाजवते का बे?"

"नाई ना. म्हणून तं जमून नाई राह्यलं."

ह्यांनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि खुर्चीतल्या खुर्चीत पावलं टाकायला सांगितली. दोन दिवस ती शेड वीस माणसांच्या अनवाणी पावलांनी धपधपत होती. हळूहळू पावलं लहान झाली, मग फक्त टाचा, मग अंगठे. छडीच्या जागी ह्यांनी पऱ्हाटीची एक वाळकी काडी सोलून घेतली होती. कापसाच्या झाडाची काडी हलकी असते, पण ठिसूळ. तालमीत रोज एक मोडायची, आणि ढोलवाला रोज विचारायचा, "आज कोणावर मोडली?"

दुसरा त्यांचा हट्ट कागदाचा होता. वडनेर भोलजीचे दोघे भाऊ आमच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. घरची थोडी शेती, आणि पावसाळ्यात निंदणीची कामं; त्यांना रोज खामगावला येणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, अहो, मोबाईलवर वाजवून पाठवा. हे नाही म्हणाले. "ऐकून तं पोपटही बोलते. वाचून वाजवू दे. त्याशिवाय वाद्यवृंद होत नाई." वर्षानुवर्षं त्यांनी त्या माणसांना सरगम वाचायला शिकवली होती, आता तिचा उपयोग व्हावा असं त्यांना वाटत होतं. ह्यांचं अक्षर फार वाईट. म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मला संगीतातलं काही कळत नाही. आधीच सांगते, म्हणजे पुढे मला फार दोष देऊ नये.

दुपारी सासूबाई शेजारच्या खोलीत झोपलेल्या असत, म्हणून हे गाऊन न दाखवता हळू आवाजात नुसतं सांगत. एका हाताने पेटीचा भाता, दुसऱ्या हाताची बोटं पट्ट्यांवर, आवाज अगदी बारीक. आणि लिहायचं काम म्हटल्यावर भाषा शुद्ध. "सा. रे. ग. आता पुढच्या घरात लिही." मी चौकटी आखून घेतल्या होत्या. एका मात्रेला एक चौकट. स्वर लांबवायचा असेल तिथे आडवी रेघ. दोन दुपारींत क्लॅरिनेटची सगळी पानं झाली. मी ती पुन्हा सुवाच्य उतरवली, दोन प्रती केल्या, लिफाफ्यात घातल्या आणि नांदुऱ्याकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर वडनेरला पोचवल्या. बाकीच्यांचीही पानं अशीच गेली. ह्यांनी तपासायला मागितली होती, पण त्या आठवड्यात त्यांचा चष्मा दुरुस्तीला दिलेला. "तुझं अक्षर हाय," म्हणाले, "तपासाचं काय त्याच्यात."

महिन्याभराने, कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना, सगळे आपापले कागद घेऊन पहिल्यांदा एकत्र आले. वडनेरचे भाऊ सकाळच्या एसटीने आले. मी चहाची किटली घेऊन शेडमध्ये गेले होते ती तिथेच एका रिकाम्या पोत्यावर बसून राहिले. ह्यांनी काडी उचलली. सुरुवात इतकी छान झाली की मला हातात धरलेल्या किटलीचा चटका कळला नाही. मग ती ओळ आली, जी या रचनेत चारदा फिरून येते. सगळी वाद्यं गंधारावर येऊन थांबली, नुसता लांब ग, आणि त्या थांबलेल्या ग वरून दोन्ही क्लॅरिनेटं एक पायरी वर चढून परत खाली आली आणि मग पंचमावर गेली.

ह्यांनी काडी खाली केली. सगळं थांबलं.

"हे काय वाजवलं?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठा म्हणाला, "जे लिहिलं तेच, मास्तर."

"भूपात मध्यम वाजवला तुम्ही. भूपात."

"आमाले वाटलं तुम्ही मुद्दाम टाकला. आम्ही म्हटलं, मास्तर मोठा माणूस हाय, त्याच्या डोक्यात काही असन."

ह्यांनी त्याच्यासमोरचा कागद उचलला. माझं ठसठशीत अक्षर: ग, म, ग, प. चार घरं, चारही भरलेली. ह्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग मान वर न करता मला विचारलं, "ग नंतर म्या काय सांगतलं होतं?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात, ग... मग प."

"हो."

"मग मी म, ग, प लिहिलं."

ह्यांनी सांगितलं होतं की ग लांबवायचा, थांबायचं, आणि नंतर, म्हणजे 'मग', पंचम. हाताने लांबवायची खूणही केली असेल. मी खाली मान घालून लिहीत होते. मला दोन स्वर ऐकू आले. घरं बरोबर भरली, म्हणून शंकाही आली नाही.

सगळ्यांत आधी ढोलवाल्याला कळलं. तो हसू दाबायला ढोलावर वाकला आणि ढोलातूनच त्याचं हसू घुमून बाहेर आलं. मोठ्या भावाने कपाळाला हात लावला. "मास्तर, घरी 'मंग' म्हणता, आमाले 'मंग' म्हणता, सारं आयुष्य 'मंग' म्हणत काढलं. त्या एका दिवशी काय झालं होतं तुमाले?"

"वहिनीसमोर शुद्ध बोलून राह्यले होते," ढोलवाला म्हणाला.

"मंग म्हटलं असतं तं वहिनीनं म वर अनुस्वार दिला असता, आणि आम्ही विचारलं असतं हा कोणता स्वर हाय म्हणून," मोठा भाऊ म्हणाला.

सगळी शेड हसत होती. हे हसले नाहीत. त्यांनी कागद परत ठेवला आणि आजची तालीम इथेच, असं सांगितलं.

घरी जेवताना मी म्हटलं, "चारच ओळी आहेत. मी उद्या सकाळी नवीन कागद लिहून देते."

"कागद बदलता येते," ते म्हणाले. "एक महिना वाजवलं त्याईनं. बोटं बदलतीन का आठ दिवसात?" थोड्या वेळाने म्हणाले, "पहिल्या ओळीत ते गुरुजी बसले राहतीन. पहिला मध्यम लागला की हसतीन. म्हणतीन, पाहा, म्या म्हटलंच होतं." आणि पोळीचा तुकडा हातात धरून बसले. मला वाईट वाटलं की त्या क्षणी माझ्या चुकीपेक्षा मला त्यांचा तो हात जास्त दिसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावांना मध्यम गाळून वाजवायला लावलं. भाऊ गुणी, त्यांनी प्रयत्न केला. पण ती ओळ आली की दोघांचे डोळे कागदाला चिकटत, खांदे वर चढत आणि सूर बारीक होई. धाकट्याचं बोट तर सवयीने पडायचंच. सात-आठ वेळा झालं. तेवढ्यात पत्र्यावर जोराची सर आली आणि काहीच ऐकू येईना. सगळे वाद्यं मांडीवर घेऊन बसले. मोठा भाऊ पाऊस ओसरेपर्यंत थांबला, मग म्हणाला, "मास्तर, एक बोलू? रागावसान तं रागवा. त्या सगळ्या चालीत आमाले आमचं असं तेवढंच वाटते. बाकी सारे थांबले राह्यतात अन् आम्ही दोघंच चालतो. वरातीत कसं, सारे थांबले की एखादा म्हातारा मधातच दोन पावलं नाचून घेते."

हे शेडच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, जिथे कापसाच्या गाठी ठेवतात, आणि तिथून ओरडून म्हणाले, "जसं शिकले तसं वाजवा."

वाजवलं. ते पाठमोरे उभे राहून ऐकत होते. पुन्हा एकदा, म्हणाले. पुन्हा वाजवलं. मग ते चालत आले, सॅक्सोफोनवाल्यांजवळ थांबले आणि म्हणाले, "तुमचा ग थोडा हळू करा. त्याईचा मध्यम ऐकू येत नाई."

एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. सॅक्सोफोनवाल्याने पेन्सिल काढून कागदावर 'हळू' लिहिलं, आणि मी पोत्यावर बसून उगीचच किटलीचं झाकण लावलं आणि काढलं.

तालीम संपल्यावर हे म्हणाले, "आता हे भूप नाई राह्यलं."

"मंग काय हाय?" ढोलवाल्याने विचारलं.

"मग हाय," हे म्हणाले, आणि आदल्या दिवसापासून रोखलेलं हसू त्यांना तेव्हा आलं. काडी त्या दिवशीची हसताना मोडली.

पत्रिका मी हातानेच लिहिल्या होत्या, 'भूप रागातील रचना' म्हणून. साठ पत्रिका पुन्हा लिहिल्या. सांगायला हे बसले. रचनेचं नाव काय लिहू, मी विचारलं. "मग." मी पेन उचलून थांबले. "म, ग?" "नाई. मग." "अहो, पण लिहिताना दोन्ही सारखंच दिसतं." हे ऐकून त्यांना फार बरं वाटल्याचं दिसलं.

रविवारी सभागृह तीन-चतुर्थांश भरलं. बँडच्या माणसांची घरची मंडळी, वाचनालयातले सभासद, काही शिक्षक, पावसामुळे शेतात न गेलेली चार-दोन माणसं. पहिल्या ओळीत ते निवृत्त संगीतशिक्षक, पांढरा सदरा, मांडीवर घडी केलेली छत्री. ह्यांनी लाल कोट नको म्हटलं होतं. सगळे पांढऱ्या सदऱ्यांत, अनवाणी. हे मात्र पडद्यामागे घामाघूम. त्यांना वाजवण्याची काळजी नव्हती. "एवढ्या लोकायकडे पाठ करून उभं राहाचं," मला म्हणाले. "लोकाले अपमान वाटला तं? वरातीत आपण कधी पाठ केली नाई."

मी म्हटलं, "तुमची पाठ चांगली दिसते."

"तुले काय, तू रोजच पाह्यते."

निवेदन करायला शाळेतला एक तरुण शिक्षक होता. त्याने सगळं व्यवस्थित वाचलं, मास्तरांची कारकीर्द, लष्करातली वर्षं. मग माईकजवळ येऊन म्हणाला, "आणि आता... मग." आणि नाव म्हटल्यावर थांबतात तसा थांबला.

लोक वाट पाहत राहिले. तोही वाट पाहत राहिला. शेवटी मागच्या रांगेतून एक आवाज आला, "मंग काय?"

सभागृह फुटलंच. ढोलवाला पुन्हा ढोलावर. वडनेरच्या धाकट्याने क्लॅरिनेट तोंडातून काढून बाजूला धरलं. निवेदक गोंधळून कागद पाहत होता आणि म्हणत होता, "नावच तसं आहे, नावच तसं आहे." हे आमच्याकडे पाठ करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. हसू ओसरेपर्यंत त्यांनी काडी उचलली नाही. आणि उचलली तेव्हा त्या वीस माणसांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर भीती नव्हती.

अकरा मिनिटांत काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण मी मोजत होते. ओळ आली एकदा. दोनदा. मी फक्त पहिल्या ओळीतल्या त्या पांढऱ्या डोक्याकडे पाहत होते. पहिल्यांदा मध्यम लागला तेव्हा ते डोकं किंचित वर उचललं गेलं. दुसऱ्यांदा एका बाजूला कललं. तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा मला काही समजलं नाही. शेवटचा सा बराच लांब होता. तो संपला आणि हे काडी तशीच धरून उभे राहिले.

टाळ्या आल्या नाहीत. कुणालाच कळेना की संपलं की नुसतं थांबलं. शब्द नव्हते, ओळखीचं गाणं नव्हतं, संपण्याची काही खूण नव्हती. मग माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई, मांडीवर झोपलेलं मूल, आपल्या नवऱ्याला हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "झालं का हो?"

हे वळले. "झालं, बाई," म्हणाले.

तेव्हा टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत संगीतशिक्षक छत्रीवर जोर देऊन उठले. ह्यांचा चेहरा मी पाहिला. काडी धरलेला हात कोटाला पुसायला गेला आणि कोट नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"तो मध्यम," शिक्षक म्हणाले, "मुद्दाम ठेवलात?"

"घरून आला, गुरुजी," हे म्हणाले. "मंग ठेवून घेतला."

शिक्षकांनी त्यावर जरा विचार केला. "मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं," ते म्हणाले. "परत वाजवता का? पहिल्या वेळी मी चूक शोधत होतो." आणि छत्री मांडीवर ठेवून खाली बसले.

ते बसले म्हणून निघायला उठलेले दोघे-तिघे बसले. दारात चप्पल शोधणारा एक माणूस चप्पल हातात घेऊनच मागच्या खुर्चीवर टेकला. त्या बाईने झोपलेलं मूल दुसऱ्या मांडीवर घेतलं. हे आमच्याकडे पाठ करून वळले, वडनेरच्या भावांकडे पाहून मान हलवली, आणि मी पर्स खाली ठेवून खुर्ची थोडी पुढे ओढली.